बर्फ इथवर आलाच नव्हता

११ जानेवारी, रविवार

लॅबमध्ये परत. अवि गेल्यावर आठ आठवड्यांनी.

पिशव्या रॅकखाली तशाच. एकतीस. अविच्या शेवटच्या ट्रिपच्या. ड्रायव्हर हमूदने त्या दिवशी पिकअपमधून आणून टेकवल्या तशा एकीवर एक कललेल्या. गफूरभाई वर्कशॉपमधून आले. दगड कापतात ते, मंडणगडकडचे. म्हणाले, "ताई, आजूबाजूनं झाडलंय. पिशव्यांना हात नाही लावला."

मुना दारातच उभी होती. अविची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध या पिशव्यांवर अडलाय, पण तोंडाने म्हणत नाही. "मॅडम, तुम्हाला जमेल तेव्हा."

म्हटलं, रविवारी सुरू करू.

ती हळूच म्हणाली, "आज रविवारच आहे."

१३ जानेवारी, मंगळ.

पिशवी १ उघडली. लेबलवर नंबर, उंची, तारीख इंग्रजीत. खाली कोपऱ्यात मराठीत: "बर्फाचा तळ. शंभर टक्के!" उद्गारचिन्हाचं टिंब पेनाने दाबून भोक पाडलंय. नेहमीची सवय.

हाताने चुरला. हा दगड म्हणायला दगड, बोटांत भुगा होतो. मग ॲसिड, मग धुणं, वाळवणं. सतरा वर्षं हेच करतेय. आज चुरताना दोनदा उठून बाहेर गेले.

१५ जाने., गुरु.

जेवताना ईशाने विचारलं, "आई, तू त्या मातीचं actually करतेस काय?" सोळा वर्षांची झाली, पहिल्यांदा विचारलं. बाबा असताना तोच बोलायचा, मी वाढायचे.

सांगितलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा ओमान असा गरम नव्हता. पार दक्षिणेला होता, ध्रुवाकडे, बर्फाच्या शेजारी. बाबाचं म्हणणं, वाळवंटातली ती भिंत म्हणजे त्या बर्फाच्या खाली चिरडून साठलेला गाळ आहे. म्हणजे बर्फ तिथे प्रत्यक्ष बसला होता. बर्फ काही निवडत नाही. धोंडा, खडे, वाळू, पीठ, सगळं एकत्र ढकलतो. पाणी निवडतं. जड आधी टाकतं, बारीक लांब नेतं. डोळ्यांना ती भिंत सगळी सारखीच दिसते, म्हणून कण मोजायचे. कणांवरून कळतं तिथे काय होतं.

"So you're like, checking Baba?"

"हो. नेहमीच."

"And?"

म्हटलं, ताक घे.

१८ जाने., रवि.

हाउसिंगचं पत्र. क्वार्टर अविच्या नावावर होतं. मार्चअखेर रिकामं करायचं. पत्र सभ्य आहे. अल खौदमध्येच फ्लॅट बघावा लागेल, लॅबला चालत जाता येईल असा.

पिशव्या २ ते ६ चाळून झाल्या.

२२ जाने., गुरु.

कण मोजायच्या लेझरच्या मशीनमधून पहिले सहा काढले. बर्फाखालचा गाळ असता तर आलेखाची रेघ पसरट यायला हवी, चिकणमातीपासून खड्यांपर्यंत सलग. सहाही ठिकाणी दोन उंचवटे. एक बारीक वाळूचा, एक गाळाचा. मध्ये खोलगट. दोन्ही नीट निवडलेले.

पाण्याने निवडलेले.

जे वाटलं होतं तेच.

वाटलं होतं असं का लिहिलं मी. माहीत होतं.

२५ जाने., रवि.

लिहून टाकते. इथे तरी.

ऑक्टोबरात अविने त्याच भिंतीच्या वरच्या भागातले चार नमुने दिले होते. तेव्हाच केले मी. दोन उंचवटे, चारही. मशीन धुतलं, पुन्हा केले. तेच.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो जिन्यातूनच हाका मारत. इतकी वर्षं तो तेच सांगत होता आणि परिषदांमध्ये लोक माना डोलावून चहाला जायचे. आता पहिल्यांदाच व्याख्यानाला बोलावणं आलं होतं. स्वतः शर्टाला इस्त्री करत बसला. म्हणाला, "मृणाल, आपण बर्फाच्या तळाशी उभे होतो गं. लोक आता ऐकणार." मग म्हणाला, "तुझे ते चार झाले का?"

मी म्हटलं, "मशीन साफ करायला हवंय. नीट येत नाहीयेत."

खोटं. एक दिवस आनंदात जाऊ दे म्हणून. उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग तो म्हणाला, तुझं समाधान होत नाहीये ना, मग खालून नवे घेऊन येतो, भरपूर. नोव्हेंबरची ट्रिप त्यासाठी होती.

सांगितलं असतं तर तो गेला नसता. तणतणला असता, दोन दिवस बोलला नसता, पण घरी असता.

२६ जाने.

दूतावासात झेंडावंदन. ईशाच्या शाळेचं समूहगान होतं, गेले. लोक भेटून हात धरतात. सगळे म्हणतात, काम करता करता गेले, भाग्यवान. मी मान हलवते.

३ फेब्रु., मंगळ.

हमूद आला. डिपार्टमेंटचा ड्रायव्हर, अविबरोबर बारा वर्षं वाळवंटात. तेव्हापासून लॅबकडे फिरकला नव्हता. खजूर घेऊन आला. हिंदी बोलतो आमच्याशी.

पिशव्या बघून उभा राहिला. एकतिसावीवर हात ठेवला. "मॅडम, ये लास्ट. डॉक्टर साब बोला, ये मॅडम के लिए. मॅडम को शक है, तो एकदम नीचे से ले जाएगा. फिर मॅडम खुश, खलास."

पुढचं मी विचारलं. आजवर विचारलं नव्हतं. भिंतीच्या पायथ्याला घळ आहे. दुपारी दोनला तिथे उतरला. पिशवी खांद्यावर घेऊन वर आला. पिकअपच्या मागच्या फळीवर बसला. "हमूद, जरा रुको." एवढंच. डांबरी रस्ता लागेपर्यंतच सगळं संपलं होतं.

हमूद रडला. त्याला पाणी दिलं. म्हणाला, मैं उसको बोला था, बस करो, तीस बहुत है.



४ फेब्रु.

रजा.

८ फेब्रु., रवि.

पिशव्या ७ ते २५ झाल्या. भिंतीत जसजसं वर जावं तसतसे कण बारीक. डोळ्यांना ती भिंत एकसंध दिसते, मीही एकदा पाहिलीय, हात लावलाय. पण चाळणीत वेगळं दिसतं. थंड, खोल, शांत पाणी होतं तिथे. गाळ सावकाश बसत होता. बर्फाची कड लांब कुठेतरी. तिथून सुटलेले हिमनग तरंगत यायचे आणि वितळताना पोटातले दगड खाली सोडायचे. अवि ज्या धोंड्यांचे फोटो दाखवायचा ते असे पडलेले. बर्फ इथवर आलाच नव्हता.

किती सुंदर आहे खरं म्हणजे. त्यालाही आवडलं असतं. महिनाभर भांडून मग आवडलं असतं.

१२ फेब्रु., गुरु.

एकतीसही झाल्या. मुनाला बसवून दाखवलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. हुशार आहे, मला काही सांगावं लागलं नाही. म्हणाली, "म्हणजे माझा दुसरा चॅप्टर गेला."

"नवा होईल."

मग फाइलींची यादी खाली सरकवत गेली आणि थांबली. "मॅडम, या चार ऑक्टोबरच्या आहेत."

"हो."

"डॉक्टरांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अल्हम्दुलिल्लाह. मला वाटत होतं, ते नसताना मी त्यांना खोटं पाडतेय. म्हणजे ते तपासायलाच गेले होते. स्वतःलाच तपासायला."

मी मशीन बंद केलं, कव्हर घातलं. ती गेल्यावर परत कव्हर काढून परत घातलं.

१९ फेब्रु., गुरु.

रोजे सुरू. लॅब दोनपर्यंत.

मुनाचा मसुदा आला. पहिलं नाव अविचं, मग तिचं, मग माझं. चौथ्या पानावर: दिवंगत लेखकाने आपल्या आधीच्या मताबद्दल स्वतःच शंका घेऊन शेवटच्या क्षेत्रभेटीत... वगैरे.

वाक्य चांगलं लिहिलंय. खरं असायला हवं होतं इतकं चांगलं.

२२ फेब्रु., रवि.

विभागप्रमुखांनी वाचलं. ईदनंतर अविच्या स्मरणार्थ सेमिनार ठेवणार म्हणाले. त्याच वाक्यावर ते बोलणार. चूक मान्य करणारा शास्त्रज्ञ, विद्यार्थ्यांपुढे उदाहरण.

ईशाने मसुदा माझ्या लॅपटॉपवर वाचला. न विचारता. खोलीतून आली, डोळे लाल, पण हसत होती. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. "आई, बाबा knew? आणि तरी गेले, to prove himself wrong? That's so... that's so बाबा." माझ्या गळ्यात पडली.

मी तिची पाठ थोपटत राहिले. तिची अकरावीची परीक्षा चालू आहे. हे कारण आहे की सबब, माहीत नाही.

१ मार्च, रवि.

गफूरभाईंकडे दगडाचा एक काप द्यायला गेले होते. रोजा, ओठ सुकलेले, तरी मशीनवर. सहज बोलत होते. "साहेब सांगायचे मला, गफूर, बाकी कोणी कायपन सांगो, मृणालनं मोजलं की विषय संपला. मग मी पण वाद घालत नाही."

स्टोअरमध्ये जाऊन दार लावून बसले. नमुन्यांच्या खोक्यांमध्ये. किती वेळ ते कळलं नाही.

तो माझ्याशी वाद घालत नसे. म्हणजे माझ्या आकड्यांशी. एवढा भरवसा असलेल्या माणसाला मी म्हटलं, मशीन साफ करायला हवंय.

८ मार्च, रवि.

मुनाला सांगितलं. तिच्या खोलीत, दार उघडं ठेवून, म्हणजे मला रडता येऊ नये.

"त्या दिवशीचं माझं 'हो' खोटं होतं. अविला माहीत नव्हतं. मी दडवलं. तो स्वतःला तपासायला गेला नव्हता, माझी शंका फेडायला गेला होता."

ती अबायाच्या बाहीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "का सांगताय मला? कुणाला कधी कळलं नसतं."

"ते वाक्य त्याचं नाही."

"पण त्यांना शोभतं."

"शोभतं. पण त्याने शेवटपर्यंत बर्फ मानला. चुकला, पण मनापासून मानला. ते तरी त्याचं राहू दे."

तिने मसुदा उघडला. वाक्य पुसलं. कर्सर लुकलुकत राहिला. "मग इथे काय लिहायचं?"

"लिही की पहिल्या चार नमुन्यांचे निष्कर्ष ऑक्टोबरात निघाले होते. मोजणारीने ते त्याला कळवले नाहीत. माझं नाव घाल."

"मॅडम, असं पेपरमध्ये कुणी लिहीत नाही."

"मग सेमिनारमध्ये सांग. नाहीतर मी सांगते."

"आणि पहिलं नाव?"

"सगळ्या पिशव्या त्याने उचलल्यात."

मी निघताना तिने मिठी मारली नाही. बरं केलं.

१२ मार्च, गुरु.

ईशाचा शेवटचा पेपर. पिझ्झा हवा म्हणाली. कुरुमला नेलं. मैत्रिणींच्या गोष्टी सांगत होती. तिच्याकडे बघत बसले. अजून दोन दिवस.

१५ मार्च, रवि.

सांगितलं.

आधी तिला कळलंच नाही. माझं मराठी तिच्या डोक्यात उलटंसुलटं होतं. मग इंग्रजीत सांगितलं. माझ्या लॅबपुरत्या इंग्रजीत ते आणखी उघडंवाघडं वाटलं. I knew. I did not tell him. He went because of that.

ती म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं होतं तुला. And? म्हटलं होतं. तू म्हणालीस ताक घे."

"हो."

"So he went because of you."

मी हो म्हटलं.

"तू 'नाही' का नाही म्हणत? Say no! कुणीही नाही म्हणेल, आई."

मला नाही म्हणता आलं नाही.

१६ मार्च

ईशा मदिनत सुलतान काबूसला गेली, मैत्रीण अनन्याकडे. अनन्याच्या आईचा फोन: "राहू दे चार दिवस, सुट्टीच आहे." तिला किती सांगितलंय माहीत नाही. बॅगेत टूथब्रश न्यायला विसरली. नेऊन द्यावा का? नको.

२० मार्च, शुक्र.

ईद. गफूरभाईंनी शिरखुर्मा पाठवला. मोठा डबा, दोघींना पुरेल एवढा. फ्रीजमध्ये ठेवला.

ईशाला "ईद मुबारक" पाठवलं, उगाच. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२८ मार्च, शनि.

सामान हलवलं. ईशा आली तिची खोली आवरायला. माझ्या खोलीत आली नाही. दोघींनी मिळून कपाट ढकललं, तेव्हा काय ते बोललो. उचल, थांब, डावीकडे.

अविचे बूट तिने तिच्या खोक्यात टाकले. मी न बघितल्यासारखं केलं.

पॅसेजमध्ये, सेलोटेप शोधताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर ते इथे असते."

"हो."

"तू maybe पण म्हणत नाहीस."

"हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले होते, हृदय कधीही बंद पडलं असतं. घरीसुद्धा. मला ते धरून बसता येतं. पण मग ईशा, मी पुन्हा तेच करेन. बरं वाटावं म्हणून दुसरंच काहीतरी सांगणं."

टेप सापडली. तिने खोकं बंद केलं. रात्री राहिली मात्र. नव्या घरात, गादी जमिनीवर टाकून, तोंड भिंतीकडे करून.

३१ मार्च, मंगळ.

सेमिनार. हॉल भरलेला. मुना उभी राहिली. सगळं सांगितलं. पसरट रेघ, दोन उंचवटे, हिमनग, लांबची कड. मग म्हणाली, डॉक्टर शेवटपर्यंत या मताचे नव्हते. आणि मग ऑक्टोबरचं. मी हात वर केला, जागेवरूनच म्हटलं, ते मोजमाप माझं होतं, त्यांना न कळवण्याचा निर्णयही माझा.

कुणीतरी खोकलं. विभागप्रमुख नंतर म्हणाले, "याची गरज नव्हती, मृणाल." रागावले नव्हते. ओशाळले होते, माझ्यासाठी.

ईशा मागच्या ओळीत होती. कधी आली दिसलं नाही. शेवटी दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी.

हमूद दाराशी थांबला होता. माझी बॅग घेतली आणि गाडीपर्यंत चालत आला.

२ एप्रिल, गुरु.

ईशा स्वयंपाकघराच्या दारात. "मला तिकडे जायचंय. जिथे बाबा."

"जाऊ या. हमूदला विचारते."

"तू नको. मी एकटी."

कांदा चिरत होते, चिरत राहिले. म्हटलं, बरं.

हमूदला फोन केला. त्याची बायको आणि मुलगी येणार बरोबर, एक रात्र तिकडे त्याच्या मेव्हण्याकडे मुक्काम. "मॅडम, मेरी बेटी जैसी है. इन्शाल्ला, कल शाम के पहले पहुँचेंगे, शनिवार वापस."

३ एप्रिल, शुक्र.

सकाळी सहाला पिकअप आली. टोपी, पाणी, मेथीचे ठेपले, तिची पोटदुखीची गोळी. सगळं तिच्या हातात न देता मागच्या सीटवर ठेवलं. हमूदच्या बायकोने सरकून जागा केली, मुलीने ईशाला खिडकी दिली.

मी मागे झाले. हमूद म्हणाला, "यल्ला." पिकअप हलली आणि पुन्हा थांबली. काच खाली.

ईशा समोर बघतच म्हणाली, "तिथे गेल्यावर मी बघायचं काय? सगळं same दिसतं म्हणालीस."

जवळ गेले. सांगितलं. भिंतीसमोर उभी राहा, उन्हाला पाठ करून. मोठे दगड दिसतील, एकेकटे, मधेच अडकलेले. प्रत्येकाच्या खाली बघ. खालची माती वाकलेली असेल, वरची त्याच्यावरून सरळ गेलेली. म्हणजे तो वरून पडलाय, पाण्यातून, मऊ गाळावर. चिमूटभर माती दातांत धरून बघ. करकर लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. बाबा असंच बघायचा.

तिच्याजवळ कागद नव्हता. हमूदच्या मुलीकडून पेन घेतलं आणि तळहातावर लिहायला लागली. काय लिहिलं ते दिसलं नाही. इंग्रजीत असणार.

"आणि बाबा जिथे बसले होते ती जागा?"

"ती हमूद दाखवेल. मी पाहिलेली नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. मग काच वर झाली.

आता साडेचार. आदम गावानंतर मोबाइल लागत नाही, हमूद म्हणाला होता. घरात अजून पडदे नाहीत. उन्हं सगळीकडे आलीयेत.